पांढरी, काळी आणि न्हाणीची भिंत

अकोल्यात किंवा अमरावतीत, नव्या लेआउटमधल्या एखाद्या घरात गेलात, तर बाथरूमच्या दाराच्या वरच्या कोपऱ्याकडे एकदा बघा. बरेचदा तिथून एक तडा निघालेला असतो. चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपा वर जाणारा, छतापर्यंत पोचता पोचता बारीक होणारा. आतल्या बाजूला टाइल असेल तर तीही त्याच रेषेत फुटलेली असते. दिवाळीच्या आधी मिस्त्री येतो, तडा खरवडतो, पुट्टी भरतो, घासपेपर मारतो, वरून रंग देतो. मार्च येतो, एप्रिल येतो, पारा चाळिशी ओलांडतो आणि मे महिन्यात तडा पुन्हा त्याच जागी हजर.

मग दोषांची वाटणी सुरू होते. घरमालक म्हणतो, मिस्त्रीनं सिमेंट कमी टाकलं. मिस्त्री म्हणतो, रेती खराब होती. बिल्डर म्हणतो, "हेअरलाइन आहे, काही होत नाही." घरातली म्हातारी माणसं मात्र भिंतीकडे न बघता खाली बघतात आणि म्हणतात, "काळी आहे ना बापा ही जमीन. हालनारच."

म्हातारी माणसं बरोबर बोलत असतात. वऱ्हाडातल्या भिंतीचा तडा भिंतीत सुरूच होत नाही. तो खाली जमिनीत सुरू होतो आणि खरं सांगायचं तर काही शतकं मागे सुरू होतो. घर कुठं बांधायचं आणि पाणी कुठं सांडायचं, याबद्दल आपण पूर्वी काय पाळत होतो आणि ते कधी सोडलं, याचा हा इतिहास आहे.

फुगणारी जमीन

वऱ्हाडची काळी माती ही बेसाल्टची, म्हणजे दख्खनच्या काळ्या कातळाची झीज होऊन तयार झालेली. पूर्णेच्या खोऱ्यात तिचे थर खूप खोल आहेत. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातली चिकणमाती भरपूर असते. मॉन्टमोरिलोन हे फ्रान्समधलं एक गाव. तिथं सापडलेल्या खनिजाला १८४७ मध्ये हे नाव मिळालं. त्याचे कण पत्त्यांच्या कॅटसारखे थरांचे असतात. पाणी मिळालं की ते दोन थरांच्या मध्ये शिरतं आणि थर एकमेकांपासून दूर सरकतात. पाणी गेलं की थर पुन्हा चिकटतात. एका कणाची हालचाल अतिसूक्ष्म, पण असे कोट्यवधी कण एकाच वेळी फुगले की अख्खी जमीन वर उचलली जाते आणि सुकले की खाली बसते.

शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही. उन्हाळ्यात वावरात हात जाईल अशा भेगा पडतात, काही ठिकाणी मीटरभराहून खोल. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, पावसाळ्यात भेगा मिटतात आणि वरची माती खाली, खालची वर अशी उलथापालथ होत राहते. म्हणून या जमिनीला स्वतःच स्वतःला नांगरणारी जमीन म्हणतात. कपाशीला ती हवीहवीशी वाटते, कारण ती ओल धरून ठेवते. पाऊस थांबल्यावरही महिनोन् महिने ती झाडाला पाणी पुरवत राहते.

पण झाडाला जे सोयीचं, ते भिंतीला घातक. झाडाचं मूळ जमिनीबरोबर हलतं, भिंतीला हलता येत नाही. त्यातही एक-दोन मजली घराची अडचण मोठी, कारण फुगणाऱ्या मातीला दाबून ठेवायला त्याचं वजनच पुरत नाही. वऱ्हाडात पाऊस वर्षाला साधारण ८०० मिलिमीटरच्या आसपास, तोही मुख्यतः चार महिन्यांत. नंतर आठ महिने कोरडे आणि शेवटी ४५ अंशांचा उन्हाळा. ओलं आणि कोरडं यांतलं हे अंतर जितकं मोठं, तितकी जमिनीची उठबस मोठी.

गाव पांढरीवर, पीक काळीत

आता एक जुना शब्द. मराठी मुलखात गावाचे दोन भाग मानले जात: पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे जिथं घरं आहेत ती जागा, गावठाण. काळी म्हणजे शेतजमीन. एकोणिसाव्या शतकातल्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही हे दोन्ही शब्द सापडतात. जुन्या कागदपत्रांत 'पांढरी' म्हटलं की अनेकदा जागेबरोबर तिथं राहणारी माणसंही अभिप्रेत असत.

हे शब्द रंगावरून आले, पण रंगामागे माती आहे. माणसं एकाच जागी शेकडो वर्षं राहिली की चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंती, हाडं, खापरं आणि चुना यांचे थरावर थर साचतात. त्यातून फिकट, राखाडी-पांढरी माती तयार होते आणि वस्तीची जागा आसपासच्या शिवारापेक्षा उंच होते. पुरातत्त्वाचे अभ्यासक गावोगाव हेच बघत फिरतात. 'पांढरीचं टेकाड' दिसलं की खाली जुनी वस्ती असणार, हा त्यांचा ठोकताळा. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठी कौंडिण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर म्हणून प्रसिद्ध. तिथं १९६० च्या दशकात मोरेश्वर दीक्षितांनी उत्खनन केलं आणि फार जुन्या वस्तीचे थर उजेडात आणले. माणसं पुन्हा पुन्हा त्याच उंचवट्यावर राहिली, याचा तो पुरावा.

ही पांढरी माती काळीसारखी फुगत नाही. म्हणून तीच उचलून भिंती घालायच्या, तीच धाब्याच्या घरावर पसरायची. वऱ्हाडातल्या गावागावांत ज्या गढ्या ढासळत उभ्या दिसतात, त्यातल्या कितीतरी याच पांढऱ्या मातीच्या आहेत. उंच जागा, न फुगणारी माती आणि पावसाचं पाणी आपोआप खाली शिवारात जाणारा उतार या तीन गोष्टी पांढरीवर एकत्र मिळत. कुणी मातीची चाचणी केली नव्हती. पण ज्यांनी काळीत घर बांधलं असेल त्यांचं घर टिकलं नसेल आणि ते पाहून पुढच्यांनी बोध घेतला असेल, असा अंदाज करायला हरकत नाही.

काळीवर चढायचंच असेल, तर मोठ्या बांधकामांनीही जागा निवडून घेतली. अकोला जिल्ह्यातला बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर उभा आहे. एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या नवाब इस्माईल खानाच्या काळात, १७५७ मध्ये तो पूर्ण झाला. त्याचं विटकाम आजही लोक थांबून बघतात.

दरवर्षी पोतारायची भिंत

मातीच्या भिंतीला तडे जात नव्हते असं नाही. उलट दरवर्षी जात. फरक इतकाच, की त्याची लाज वाटत नसे आणि कुणावर आरोपही होत नसे. पावसाळा संपला की दसऱ्या-दिवाळीच्या आधी घरातल्या बाया पांढरी माती भिजवत, तिच्यात शेण आणि बारीक कुटार मिसळत, भेगा बुजवत आणि मग अख्खी भिंत पोतारून काढत. दुरुस्ती हा सणाचाच भाग होता. भिंत ही एकदा बांधून विसरायची वस्तू नव्हती. शेताची मशागत दरवर्षी करावी लागते, तशी भिंतीचीही. हे काम बायांच्या अंगावर पडे, त्याचे पैसे नसत आणि त्याची नोंदही कुठे नसे, हेही त्याच इतिहासाचा भाग आहे.

पैसेवाल्यांच्या वाड्यांत चुना होता. गंमत म्हणजे हा चुना काळ्या मातीतच मिळे. वावरात पांढऱ्या खड्यांसारखी चुनखडी सापडते. ती भट्टीत भाजायची, पाणी घालून विरवायची, मग रेतीबरोबर बैलाच्या घाणीत दगडी चाकाखाली मळायची. कुणी त्यात गूळ घाली, कुणी बेलफळाचा गर, कुणी हिरड्याचं पाणी.

चुन्याची भिंत सिमेंटच्या भिंतीपेक्षा मऊ असते आणि तेच तिचं बळ. जमीन थोडी हलली तर ती एका जागी फाटत नाही, बारीक बारीक तड्यांत हालचाल वाटून घेते. शिवाय चुन्यात एक गुण असतो: पावसाच्या पाण्यात थोडा चुना विरघळतो, तड्यात उतरतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन तिथंच पुन्हा दगड होतो. लहान तडे चुना स्वतःच सांधतो.

कापूस, रेल्वे आणि परकोटाबाहेरचं शहर

१८५३ मध्ये हैदराबादच्या निजामानं, फौजेच्या खर्चाच्या थकलेल्या देण्यापोटी, वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. इंग्रजांना या प्रांतात रस होता तो काळीमुळे. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाडातून पुढे नागपूरला पोचली. बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा आला. जिनिंग, प्रेसिंग, गोदामं, वकील, कचेऱ्या, शाळा अशी एकामागून एक भर पडत शहरं फुगली.

अमरावतीला तोवर दगडी परकोट होता. पेंढाऱ्यांच्या लुटीपासून व्यापाऱ्यांना संरक्षण मिळावं म्हणून निजामाच्या सरकारनं १८०७ मध्ये त्याचं काम सुरू केलं. जवाहर गेट आणि अंबागेट ही नावं आज रिक्षावाल्याच्या तोंडी असतात, ती त्याच परकोटाच्या वेशींची. जुनं शहर आत, शेती बाहेर अशी ती रेघ होती. पांढरी आणि काळी यांच्यामधल्या रेषेचंच ते दगडी रूप म्हणता येईल.

पुढं शहर त्या रेषेबाहेर पडलं आणि पडतच राहिलं. आधी बंगले, मग वसाहती, मग सोसायट्या. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत शेतजमीन अकृषक करण्याची रीत ठरली आणि 'एनए प्लॉट' हा शब्द मध्यमवर्गाच्या स्वप्नात शिरला. १९८३ मध्ये अमरावतीची महानगरपालिका झाली, २००१ मध्ये अकोल्याची. ज्या वावरात काल कपाशी आणि तूर होती, तिथं आज चुना टाकून तीस बाय पन्नासचे चौकोन आखलेले दिसतात. कागदावर एका शिक्क्यानं जमीन अकृषक होते, पण मातीपर्यंत तो शिक्का पोचत नाही. जून महिना आला की ती पूर्वीसारखीच फुगते.

सिमेंटचं वचन

याच काळात भिंतही बदलली. इंग्लंडमधल्या लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्यानं १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. भारतात १९१४ मध्ये पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट बाहेर पडू लागलं. पण सामान्य माणसाच्या घरापर्यंत ते यायला बराच काळ गेला. आज ऑनलाइन ऑर्डर करता येणारं सिमेंट एकेकाळी परमिटवर मिळत असे, यावर विश्वास बसणार नाही. किती पोती कुणाला, हे सरकार ठरवी. महाराष्ट्रात तर सिमेंटनं मुख्यमंत्री घरी पाठवला. सिमेंटवाटप आणि ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध जोडणारा उच्च न्यायालयाचा निकाल आला आणि जानेवारी १९८२ मध्ये बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठलं, १९८९ मध्ये पूर्ण.

इतकी वर्षं दुर्मीळ असलेली वस्तू हाती आली की तिच्यावर अतोनात विश्वास बसतो. सिमेंटचं घर म्हणजे 'पक्कं' घर. पक्कं म्हणजे पुन्हा हात लावायला नको. आजीचं पोतारणं संपलं, ते बरंच झालं. पण तिच्या पोतारण्यामागची समज, भिंत ही जमिनीबरोबर जगते ही समज, तीही संपली. सिमेंटचा गिलावा कडक असतो. तो वाकत नाही, तुटतो. आणि तुटला की स्वतः सांधत नाही. मातीच्या भिंतीतली भेग हे दरवर्षीचं काम होतं. सिमेंटच्या भिंतीतला तडा फसवणूक वाटू लागला.

न्हाणी घरात आली

आता मुख्य मुद्दा, पाण्याचा. जुन्या घरात न्हाणी परसात किंवा वाड्याच्या मागच्या कोपऱ्यात असे. दगडी फरशी, एक मोरी आणि मोरीचं पाणी वाहत जाऊन केळीच्या, कर्दळीच्या, अळवाच्या वाफ्यात. घराच्या मुख्य भिंतींपासून पाणी दूर जाईल याची ती साधी सोय होती. शौचाला तर घराबाहेरच जायचं.

या जुन्या व्यवस्थेचं कौतुक करून थांबणं बरोबर नाही. बाहेर जाण्याचा सगळ्यांत मोठा त्रास बायांना होता. आणि शहरांतल्या टोपल्यांच्या संडासांचा मैला कुणाच्या डोक्यावरून जाई, हे सगळ्यांना माहीत आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन आयुष्य घालवलं ते याच घाणीविरुद्ध. २०००-०१ मध्ये त्यांच्या नावानं राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि शोषखड्डा, सांडपाणी, शौचालय हे शब्द ग्रामसभेत आले. न्हाणी आणि संडास घरात येणं ही सुटकाच होती. प्रश्न ती आल्याचा नाही. आपण पाण्याला आत घेतलं, पण त्याच्या बाहेर जाण्याची वाट तेवढ्या काळजीनं आखली नाही, हा आहे.

कल्पना करा, काळीवर बांधलेलं घर. उन्हाळ्यात तीन बाजूंची जमीन सुकून खाली बसते. चौथ्या कोपऱ्यात बाथरूम आहे. तिथं फरशीखालचा पाइप जोडाजवळ थोडा झिरपतो, सेप्टिक टँकचा शोषखड्डा भिंतीला खेटून आहे, कूलरचं पाणीही तिथंच सोडलंय. त्या कोपऱ्याखालची माती बाराही महिने ओली, म्हणजे बाराही महिने फुगलेली. एक कोपरा वर राहतो, बाकीचं घर खाली बसतं. मधली भिंत दोन्हीकडे ओढली जाते आणि जिथं ती सगळ्यांत कमजोर, म्हणजे दारा-खिडकीच्या कोपऱ्यात, तिथं तिरपी फाटते. पावसाळ्यात सगळीच जमीन फुगली की तडा मिटल्यासारखा होतो. म्हणून तर दिवाळीला भरलेली पुट्टी चांगली दिसते आणि मे महिन्यात फसते.

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक भर. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा टापू. इथल्या जमिनीत आणि विहिरींच्या पाण्यात क्षार जास्त. सोडियम असलेली चिकणमाती अधिकच फुगते. शिवाय भिंतीत ओल चढली की तिच्याबरोबर क्षार चढतात, पाणी उडून गेल्यावर ते गिलाव्याच्या आत स्फटिक होऊन वाढतात आणि आतून ढकलून पोपडे पाडतात. यालाच आपण लोणा लागणं म्हणतो. बाथरूमच्या बाहेरच्या बाजूची, गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पोपडे आलेली भिंत ही खारपाणपट्ट्यातली ओळखीची खूण.

एक छोटी गंमत सांगतो. बाथरूमच्या फरशीत पाणी जाण्यासाठी जी जाळी आणि तिच्याखाली वाटीसारखी वस्तू बसवतात, तिला देशभरातले प्लंबर 'नहानी ट्रॅप' म्हणतात. तो शब्द आपल्या न्हाणीतून गेलेला. न्हाणी गेली, पण पाणी बाहेर काढायच्या वस्तूला तिचं नाव राहिलं.

जगाला उशिरा कळलेली गोष्ट

जमीन फुगून बांधकाम बिघडतं, हे आधुनिक अभियांत्रिकीच्या लक्षात यायला वेळ लागला. अमेरिकेत १९३८ मध्ये, ओरेगॉनमधल्या ओवायही प्रकल्पाच्या एका पोलादी सायफनचा पाया बिघडला, तेव्हा सरकारी अभियंत्यांनी फुगणाऱ्या मातीला प्रथम नीट ओळखलं. इंग्लंडमध्ये १९७१ पासून घराच्या विम्यात जमीन खचण्याची भरपाई आली आणि पाचच वर्षांत, १९७६ च्या मोठ्या दुष्काळात, लंडनची चिकणमाती सुकून हजारो घरांना तडे गेले. टेक्सासमध्ये आजही लोक उन्हाळ्यात घराच्या पायाभोवती झिरपणारे पाइप टाकून जमिनीला पाणी देतात, कारण सगळीकडे सारखी ओल राहिली तर घर वाकत नाही.

त्या टेक्सासमधल्या घरांच्या आतल्या भिंती आपल्यासारख्या विटांच्या नसतात. त्या ड्रायवॉलच्या असतात: दोन कागदांच्या मधे जिप्समचा थर. ऑगस्टीन सॅकेटनं १८९४ मध्ये अशा पाट्याचं पेटंट घेतलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरबांधणीत तो सगळीकडे पसरला. त्या भिंतीचा तडाही बाथरूमच्या दाराच्या कोपऱ्यातूनच निघतो. तिथला माणूसही आधी कागदाची पट्टी आणि लांबी लावून तो झाकतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा भेटतो. भिंत बदलली तरी जमीन तीच खोड करते.

हेच जिप्सम आपल्याकडे मात्र उलट्या दिशेनं पोचलं. खारपाणपट्ट्यातल्या शेतात जिप्सम टाकायची शिफारस कृषी तज्ज्ञ करतात. त्यातलं कॅल्शियम मातीतल्या सोडियमची जागा घेतं आणि माती शांत होते, पाणी खाली उतरू देते. चुना मिसळूनही काळीचं फुगणं कमी होतं आणि रस्त्यांच्या कामात हे वापरतात. अमेरिकेनं जिप्सम भिंतीत घातलं. वऱ्हाडात त्याची खरी गरज भिंतीखालच्या मातीला आहे.

घरांसाठी भारतातही उत्तरं शोधली गेली. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं 'अंडर-रीम्ड पाइल' रुजवली: जमिनीत साधारण साडेतीन मीटर खोल भोक, तळाशी त्याला खांबाच्या अडीचपट रुंद फुगवटा, आणि त्यात काँक्रीट. ऋतूंनुसार हलणाऱ्या थराच्या खाली घराचा पाय रोवायचा, ही कल्पना. मुंबईच्या आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी दुसरा मार्ग दाखवला: काळी काही खोलीपर्यंत काढायची आणि तिच्या जागी मुरमासारख्या न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मातीचा दाबून थर द्यायचा. वाचताना हसू येतं, कारण ही एका अर्थी पांढरीच आहे. घराखाली पुन्हा पांढरी घालायची.

मग हे सगळीकडे का होत नाही? कारण पाया दिसत नाही. प्लॉट घेताना आपण पूर्वमुखी आहे का विचारतो, रस्ता किती फुटी विचारतो, खाली काळी किती खोल आहे हे विचारत नाही. आयुष्यभराची बचत आणि वीस वर्षांचं कर्ज ज्या जमिनीवर टाकतो, तिची चाचणी करायला जो खर्च येतो तो स्वयंपाकघराच्या ओट्यापेक्षाही कमी असतो. पण ओटा पाहुण्यांना दाखवता येतो.

तर मग तडा बुजवायचा कसा?

घर तर बांधून झालंय. आई-बाबांनी फोनवर फोटो पाठवलाय. आता काय करायचं?

आधी तडा ओळखायचा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे गिलाव्याचेच असतात, त्यांना पुट्टी पुरते. कॉलम आणि वीट यांच्या जोडावर सरळ रेषेत गेलेला तडा दोन वस्तू वेगवेगळ्या फुगतात-आकसतात म्हणून पडतो. तिथं गिलावा काढून जोडावर जाळी ठोकून पुन्हा गिलावा करतात. पण तिरपा, पायऱ्या-पायऱ्यांनी वर जाणारा तडा जमिनीचा असतो.

अशा तड्याच्या टोकाशी पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहा. रुंदी मोजा. जुने अभियंते तड्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवत. काच फुटली तर समजायचं, हालचाल चालू आहे. एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या. रुंदी पाच मिलिमीटरच्या पुढे गेली, दारं अडकू लागली किंवा तडा दरवर्षी लांबत असेल, तर रंगारी नको, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

दरम्यान पाण्यामागे लागा. नहानी ट्रॅपचा जोड झिरपतो का, कमोडमागचा पाइप ओला आहे का, छताचं पाणी भिंतीलगत पडतं का, शोषखड्डा किती जवळ आहे, हे बघा. घराभोवती बाहेर उतरती फरसबंदी करा, म्हणजे पाणी पायाशी मुरणार नाही. मोठं झाड भिंतीला खेटून असेल तर तेही उन्हाळ्यात त्या बाजूची ओल ओढून घेतं, हे लक्षात ठेवा. पाण्याची वाट नीट लागल्यावरच तडा भरा आणि तोही कडक सिमेंटनं नव्हे. थोडं ताणलं जाईल असं भरण घाला, वरून जाळी लावा आणि मगच रंग द्या.

आणि तरीही पुढच्या मे महिन्यात केसाएवढी रेघ उमटली, तर मिस्त्रीला लगेच शिव्या देऊ नका. ती रेघ म्हणजे खालची काळी अजून जिवंत असल्याची खूण. याच मातीनं वऱ्हाडला कापूस दिला, कापसानं शहरं दिली आणि त्या शहरांनी पांढरीची रेघ पुसून तिच्यावर घरं बांधली. जमीन बदलायची नाही. आजीला दरवर्षी भिंतीकडे बघावं लागे. आपल्याला दरवर्षी पाण्याकडे बघावं लागेल, एवढाच फरक.